मांगरातले मांगनेट

मे महिना संपत आला की कोकणातल्या घराघरांत एकच गडबड उडते. पाऊस दाराशी येऊन ठेपलेला असतो. लाकूडफाटा, शेणी, गवत, नारळाची सोडणे हे सगळे मांगरात नेऊन रचायचे असते. मांगर म्हणजे घरापासून थोडी अंतरावर बांधलेली, शेतीचे सामान ठेवण्याची जागा. नवे सामान रचायचे तर आधी जुने बाहेर काढले पाहिजे आणि जुने बाहेर काढताना काय हाती लागेल याचा नेम नसतो.

वालावल हे कुडाळ तालुक्यातले, कर्ली नदीच्या काठचे गाव. लक्ष्मीनारायणाचे देऊळ आणि त्याच्या लगतचे तळे यांमुळे ते तुमच्यापैकी काहींना ठाऊक असेल. तेथे आमच्या शेजारच्या घरातला विनू यंदा आठवीत गेला. त्याची धाकटी बहीण मंदा सहावीत. एका सकाळी दोघे घमेल्यात काहीतरी जड घालून, दोन्ही बाजूंनी धरून माझ्याकडे आली.

“सर, हे काय आहे ते सांगा. लवकर सांगा. शनिवारी भंगारवाला येणार आहे.”

घमेल्यात वीतभर लांबीची एक वस्तू होती. खाली चौकोनी बैठक, तिच्यावर घोड्याच्या नालासारखी वाकवलेली जाड पोलादी कमान. कमानीच्या पोटात काहीतरी फिरणारे, एका बाजूला बाहेर आलेला दांडा आणि दुसऱ्या बाजूला काळ्या रंगाचे झाकण. घरात हिच्याबद्दल चार मते होती. विनूच्या मते हा लढाईतला बॉम्ब होता. वडिलांच्या मते शिलाई यंत्राचा भाग. मुंबईच्या चुलतभावाला मोबाइलवर छायाचित्र पाठवले, तेव्हा त्याने ‘पंपाची मोटर’ असे कळवले. भंगारवाल्याला नावाशी कर्तव्य नव्हते. तो किलोवर भाव सांगून गेला होता.

मित्रांनो, येथे एक सूचना आधीच देऊन ठेवतो. तोफगोळ्यासारखी किंवा काडतुसासारखी बंद, टोकदार धातूची वस्तू सापडली तर ती हलवू नका, उघडू नका. मोठ्या माणसांना आणि पोलिसांना कळवा. ही वस्तू तशी नव्हती. तिला फिरणारा दांडा होता, स्क्रू होते आणि आतले भाग फटींतून दिसत होते. म्हणून आम्ही पुढे गेलो.

दिसले आणि वाटले

मी विनूला वही काढायला सांगितली. पानावर मधोमध रेघ मारून डावीकडे ‘दिसले’ आणि उजवीकडे ‘वाटले’ असे लिहायला लावले. जे मोजता येते, पाहता येते ते डावीकडे. आपला तर्क उजवीकडे. ‘बॉम्ब’, ‘पंप’ आणि ‘शिलाई यंत्र’ हे तिन्ही शब्द उजवीकडे गेले. डावीकडची बाजू कोरीच राहिली, तेव्हा विनूलाच हसू आले.

मग आम्ही डावीकडची बाजू भरू लागलो. वाण्याच्या काट्यावर वजन केले: साडेपाच किलो. मंदाने एक गोष्ट हेरली. “सर, ही एवढी जुनी दिसते, मग गंजली कशी नाही?” प्रश्न उत्तम होता. कोकणच्या दमट हवेत उघड्या लोखंडाचे एका पावसाळ्यात काय होते हे तिने पाहिलेले आहे. उत्तर मात्र कोणापाशीच नव्हते. ‘गंज फारच थोडा’ एवढेच डावीकडे लिहून ठेवले.

खिळ्याची परीक्षा

लोखंडी खिळा कमानीजवळ नेताच तो टकदिशी चिकटला. म्हणजे कमान हा नालाकृती चुंबक होता. होकायंत्र जवळ नेल्यावर कमानीच्या एका पायाने सुईचे उत्तर टोक ओढले, दुसऱ्याने दक्षिण टोक. तोच खिळा बैठकीला मात्र चिकटेना. बैठक ॲल्युमिनियमची होती.

बनवणाऱ्याने बैठक लोखंडाची का केली नसेल? ती स्वस्त पडली असती, मजबूतही झाली असती. विचार करा. चुंबकाच्या बलरेषांना हवेपेक्षा लोखंडातून जाणे कितीतरी सोपे असते. बैठक लोखंडी असती तर एका पायातून निघालेल्या बलरेषा बैठकीतूनच दुसऱ्या पायात शिरल्या असत्या आणि कमानीच्या पोटात फिरणाऱ्या भागाच्या वाट्याला फारच थोड्या आल्या असत्या. याचा अर्थ असा, की बनवणाऱ्याला बलरेषा त्या फिरणाऱ्या भागातूनच न्यायच्या होत्या. एका खिळ्याने आपल्याला केवढे सांगितले पाहा!

कमानीखालची पत्र्याची पट्टी काढली आणि दांडा हळूहळू फिरवला. फटीतून प्रथम लोखंडाची गोलसर पाठ दिसली, मग फीत गुंडाळलेले तारेचे वेटोळे, पुन्हा लोखंड आणि पुन्हा वेटोळे. “हा भाग मधोमध कापला तर कसा दिसेल, ते काढ,” असे मी मंदाला म्हटले. तिने थोडा वेळ विचार करून डमरू काढला: दोन्ही अंगांना गोलसर लोखंड, मध्ये निमुळती कंबर आणि कंबरेभोवती तार. मी ते चित्र जपून ठेवायला सांगितले.

दांडा फिरवताना आणखी एक गोष्ट हाताला कळत होती. एका फेरीत तो दोनदा अडे आणि जोर लावला की झटक्याने सुटे. डमरूची लोखंडी अंगे चुंबकाच्या दोन पायांसमोर आली की चुंबक त्यांना सोडायला तयार नसे.

माझी चूक

चुंबक आणि त्यात फिरणारे वेटोळे! मायकेल फॅरडेने १८३१ साली दाखवून दिले, की वेटोळ्यातून जाणाऱ्या बलरेषांची संख्या बदलली की वेटोळ्यात विद्युतदाब निर्माण होतो. मी मोठ्या ऐटीत सांगून टाकले, “हा डायनामो. गाडीच्या दिव्यांसाठी वीज तयार करणारा.”

“डावीकडे लिहू की उजवीकडे?” विनूने विचारले.

उजवीकडेच लिहावे लागले. मग तर्क तपासायला हवा होता. डायनामो असेल तर टॉर्चचा दिवा पेटला पाहिजे. फिरणाऱ्या भागाच्या टोकाला एक कडे होते आणि त्यावर एक कार्बनचा तुकडा टेकलेला होता. त्या तुकड्याला एक तार व बैठकीला दुसरी तार जोडून मध्ये दिवा लावला आणि दांडा फिरवला. दिवा मिणमिणलासुद्धा नाही.

कॉलेजातून आणलेल्या मल्टिमीटरने रोध मोजला, तेव्हा कोडे सुटू लागले. आत एक नव्हे, दोन वेटोळी होती. जाड तारेच्या वेटोळ्याचा रोध जवळजवळ शून्य. बारीक तारेच्या वेटोळ्याचा सुमारे अडीच हजार ओहम. टॉर्चच्या जुन्या पद्धतीच्या दिव्याला सुमारे ०.३ अँपिअर प्रवाह लागतो. अडीच हजार ओहममधून १०० व्होल्ट दाबानेदेखील फक्त ०.०४ अँपिअर प्रवाह जाईल. दिवा पेटणार कसा? ज्याला दिवे पेटवायचे आहेत तो इतकी बारीक आणि इतकी लांब तार कशाला गुंडाळील? ही तार प्रवाहासाठी नव्हती. ती फार मोठ्या दाबासाठी होती. माझ्या ‘डायनामो’वर विनूने रेघ मारली.

ठिणगीचे यंत्र

मोठा दाब कशाला हवा असतो? ठिणगी पाडायला. पेट्रोलच्या इंजिनात पेट्रोलची वाफ आणि हवा यांचे मिश्रण सिलिंडरमध्ये दाबले जाते आणि नेमक्या क्षणी प्लगच्या दोन टोकांमध्ये ठिणगी पाडून ते पेटवले जाते. हवेत दोन टोकांमधले १ मिलिमीटर अंतर ओलांडायला विजेला सुमारे ३००० व्होल्ट दाब लागतो. सिलिंडरमधल्या दाबलेल्या हवेत त्याहून जास्त. आजच्या मोटारीत हा दाब बॅटरी आणि कॉइल मिळून निर्माण करतात. पूर्वीच्या कित्येक मोटारींत हे काम बॅटरीवाचून एकच यंत्र करत असे. त्याचे नाव मॅग्नेटो.

मॅग्नेटोची युक्ती अशी. दांडा फिरू लागला की जाड वेटोळ्यात प्रवाह वाहू लागतो. या वेटोळ्याची टोके दोन बारीक धातूबिंदूंनी एकमेकांना जोडलेली असतात. प्रवाह सर्वांत जास्त झाला, की एक उंचवटा त्या बिंदूंना एकदम दूर करतो. प्रवाह अचानक तुटतो. त्याबरोबर डमरूतल्या बलरेषा क्षणार्धात बदलतात आणि बाहेरच्या बारीक वेटोळ्यात, त्याला हजारो वेढे असल्यामुळे, हजारो व्होल्ट दाब उठतो. बिंदूंमध्येच ठिणगी पडून सगळा खेळ वाया जाऊ नये म्हणून तेथे एक कंडेन्सर जोडलेला असतो. आमच्या वस्तूच्या एका टोकाशी ते दोन बिंदू होते, उंचवटे होते. डमरूच्या एका फेरीत बिंदू दोनदा उघडत होते. फेरीत दोन ठिणग्या!

काळ्या झाकणात तांब्याची चार टोके होती आणि आत त्यांच्यावरून फिरणारा एक हात होता. मंदाने खडूची खूण करून फेऱ्या मोजल्या. डमरूच्या दोन फेऱ्या झाल्या की हाताची एक फेरी होई.

आता साधे गणित करा. मोटारीचे बहुतेक इंजिन चार टप्प्यांचे असते: मिश्रण आत घेणे, ते दाबणे, पेटवून जोर मिळवणे आणि धूर बाहेर टाकणे. या चार टप्प्यांत इंजिनाच्या दांड्याच्या दोन फेऱ्या होतात. म्हणजे प्रत्येक सिलिंडरला दोन फेऱ्यांत एक ठिणगी हवी. चार सिलिंडर असले तर दोन फेऱ्यांत चार ठिणग्या. आमचे डमरू दोन फेऱ्यांत नेमक्या चार ठिणग्या देत होते आणि तेवढ्या वेळात तो हात चारही टोकांना एकेकदा भेट देत होता. ज्या इंजिनाला ही वस्तू जोडलेली होती ते कोणी आम्हांला दाखवले नव्हते. तरी ते चार सिलिंडरचे होते हे आम्ही वहीवर सिद्ध केले. ते इंजिन मिनिटाला २००० फेऱ्या घेत असेल, तर या यंत्राने मिनिटाला ४००० ठिणग्या पाडल्या असतील.

पंप की गाडी?

पण चुलतभावाचा पंप अजून पुरता हटला नव्हता. पंपांच्या आणि गिरण्यांच्या जुन्या इंजिनांनाही मॅग्नेटो असत. येथे एका लहानशा दांडीने मदत केली. ही दांडी हलवली की उंचवट्यांचे कडे थोडे मागेपुढे सरके, म्हणजे ठिणगीची वेळ बदले.

वेळ बदलायची कशाला? मिश्रण पेटून जोर धरायला थोडा वेळ लागतो. इंजिन मिनिटाला २००० फेऱ्यांनी फिरत असेल तर एका फेरीला ०.०३ सेकंद लागतात आणि ३० अंश फिरायला अवघे ०.००२५ सेकंद. तेव्हा ठिणगी आधीच पाडलेली बरी. उलट हँडल मारून इंजिन सुरू करताना वेग अगदी कमी असतो. त्या वेळी ठिणगी लवकर पडली तर इंजिन उलटा झटका देते आणि हँडल मारणाऱ्याचे मनगट मोडू शकते. म्हणून जुन्या मोटारींच्या चालकाजवळ ठिणगी मागेपुढे करण्याची दांडी असे. एकाच वेगाने दिवसभर चालणाऱ्या पंपाला हिची फारशी गरज नाही. घाटात चढणाऱ्या आणि सपाटीवर धावणाऱ्या गाडीला आहे. चार सिलिंडर आणि ही दांडी मिळून ‘गाडी’कडे पारडे झुकले.

वय कसे ओळखावे?

बैठकीवर पितळेची एक काळवंडलेली पट्टी होती. मंदाने ती कोकमाच्या सोलाने हलकेच घासली. आधी एक वर्तुळ उमटले आणि वर्तुळात एक आकृती. मंदा ओरडलीच, “सर, माझा डमरू!” तिने न पाहता, तर्काने काढलेले चित्र पट्टीवर कोरलेले होते. खाली अक्षरे होती: बॉश, श्टुटगार्ट.

रॉबर्ट बॉश यांनी जर्मनीतल्या श्टुटगार्ट शहरी १८८६ साली कारखाना काढला. १८९७ साली तेथला मॅग्नेटो प्रथम एका तीनचाकी मोटारगाडीवर बसला. १९०२ साली त्यांचे सहकारी गॉटलोब होनोल्ड यांनी प्लगमध्ये ठिणगी पाडणारा जास्त दाबाचा मॅग्नेटो तयार केला. हे यंत्र इतके पसरले, की १९१४ साली महायुद्ध सुरू झाले तेव्हा इंग्लंडला धक्का बसला: आपल्या मोटारी आणि विमाने शत्रूच्या मॅग्नेटोवर चालतात! मग तिकडे घाईघाईने मॅग्नेटोचे कारखाने उभारावे लागले. वर्तुळातल्या डमरूचे चिन्ह होनोल्ड यांनी १९१८ साली काढले. तेव्हा आमची वस्तू १९१८ च्या आधीची नाही.

दुसरी मर्यादा चुंबकाने सांगितली. १९३१ साली जपानच्या तोकुशिची मिशिमा यांनी लोखंड, निकेल आणि ॲल्युमिनियम यांच्या मिश्रधातूचा फार प्रबळ चुंबक शोधून काढला. त्यातून पुढे अल्निको चुंबक आले आणि मॅग्नेटोतली मोठी कमान नाहीशी होऊन तिच्या जागी छोटासा चुंबक बसू लागला. आमची कमान चांगली वीतभर उंच, म्हणजे जुन्या पोलादाची. शिवाय त्याच सुमारास बहुतेक मोटारी बॅटरी आणि कॉइलकडे वळल्या होत्या. सगळे जुळवून आम्ही लिहिले: ‘१९१८ ते १९३५ च्या दरम्यानचा, चार सिलिंडरच्या गाडीचा मॅग्नेटो.’ हे वय यंत्राचे, बरे का! एका गाडीचे यंत्र दुसऱ्या गाडीवर बसवून वर्षानुवर्षे चालवता येते.

संध्याकाळी शेवटची परीक्षा केली. बिंदू साफ केले, बारीक वेटोळ्याची तार लाकडी फळीवर पक्की करून तिचे टोक बैठकीपासून दोन मिलिमीटरवर ठेवले. मुलांना चार हात दूर बसवले. भोवऱ्याला गुंडाळतात तशी दांड्याला दोरी गुंडाळून ती जोराने ओढली. पहिल्या दोन वेळा काहीच झाले नाही. तिसऱ्या वेळी पडवीच्या अंधारात ‘टिक्’ असा आवाज झाला आणि निळी ठिणगी चमकून गेली.

“मॅग्नेटो! चालतो!” विनू ओरडला.

आतून आजी बाहेर आल्या. “मांगनेट मां तां?” त्या म्हणाल्या. “तां भंगारात घालूचां न्हय हां. तां आमच्या मामंजींचां.”

मग उलगडा झाला. त्यांचे सासरे, म्हणजे मुलांचे पणजोबा, सर्व्हिस मोटारीवर ड्रायव्हर होते. खाजगी मालकांच्या प्रवासी गाड्यांना तेव्हा सर्व्हिस मोटार म्हणत. १ जून १९४८ रोजी पुण्याहून तेव्हाच्या अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, पहिली सरकारी एस. टी. धावली आणि पुढे हळूहळू या खाजगी गाड्या बंद होत गेल्या. त्यांची गाडी मोडीत निघाली, तेव्हा मालकाकडून त्यांनी एवढेच मागून आणले. “गाडयेचो जीव” म्हणत ते त्याला. चुलीवरच्या माळ्यावर, बियाण्याच्या गाडग्यांशेजारी, गोणपाटात गुंडाळून ते ठेवलेले असे. दोन वर्षांपूर्वी स्वयंपाकघर नवे बांधले, तेव्हा ते मांगरात गेले. “मांगनेट खंय आसा?” असे आजी मध्ये एकदोनदा म्हणाल्याही होत्या, पण मांगरातली कुठलीतरी वस्तू असेल म्हणून कोणी लक्ष दिले नाही.

मंदाने वही उघडली आणि ‘गंज फारच थोडा’ यापुढे लिहिले, ‘चुलीची ऊब.’ पंचेचाळीस-पन्नास पावसाळे कोरड्या धुरात काढलेल्या वस्तूला गंज कसा चढणार?

मला मात्र थोडी लाज वाटली. आम्ही खिळ्याला विचारले, होकायंत्राला विचारले, मीटरला विचारले. घरातल्या सर्वांत जाणत्या माणसाला विचारायचे राहिले. तरी केलेले श्रम वाया गेले असे मी म्हणणार नाही. आजींना गाडीचे सिलिंडर किती, यंत्र कोणत्या काळातले, हे ठाऊक नव्हते. मॅग्नेटोला आपल्या मालकाचे नाव सांगता येत नव्हते. दोन्ही साक्षी वेगवेगळ्या वाटांनी आल्या आणि एकमेकींशी जुळल्या, म्हणून आमचा विश्वास पक्का झाला. आजींचे बोलणेही आम्ही तारीख घालून वहीत उतरवून घेतले.

शनिवारी भंगारवाला जुना पत्रा घेऊन गेला. मॅग्नेटो आता विनूच्या घरी ओटीवरच्या कपाटात आहे आणि वही त्याच्या शेजारी.

तुम्हीही पाहा

तुमच्या घरीही माळ्यावर असे काही पडलेले असेल. ते हाती आले तर चार गोष्टी लक्षात ठेवा. पहिली, नाव शेवटी ठरवा. आधी वजन, धातू, फेऱ्या, दाते, टोके मोजून लिहा. दुसरी, खरवडू नका आणि रंग देऊ नका. पुसट अक्षरे एकदा गेली की परत येत नाहीत. तिसरी, मॅग्नेटोसारखे यंत्र मोठ्या माणसावाचून फिरवू नका, तारेला हात लावू नका आणि जवळपास पेट्रोल किंवा रॉकेल ठेवू नका. मधला डमरूही बाहेर ओढू नका, कारण जुना नालाकृती चुंबक तसाच उघडा राहिला तर त्याचे बळ कमी होते. चौथी, घरातल्या वडीलधाऱ्यांना पहिल्याच दिवशी विचारा.

आणि हो, मॅग्नेटो अजून निवृत्त झालेला नाही. पेट्रोलवर चालणाऱ्या पुष्कळशा लहान विमानांत एका इंजिनाला एक सोडून दोन मॅग्नेटो असतात. बॅटरी बंद पडली तरी ठिणगी पडत राहते, आणि एक मॅग्नेटो बिघडला तरी दुसरा विमान खाली उतरवतो.

जाता जाता एक कोडे. झाकणात चारऐवजी सहा टोके असतील आणि डमरू एका फेरीत दोनच ठिणग्या देत असेल, तर इंजिनाच्या दोन फेऱ्यांत डमरूच्या किती फेऱ्या झाल्या पाहिजेत? आधी वहीत ठिणग्या मोजा, म्हणजे उत्तर आपोआप मिळेल.